भुलाबाईच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी: एकेक गाणे वेगळे कसे करावे?

बाभूळबन (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):

सर्वांना नमस्कार. मी एका खेड्यातील प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या आईने १९८६ ते १९९३ या काळात आमच्या गावातल्या बायकांच्या आवाजात भुलाबाईची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या आहेत. शिवाय पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटल्या गेलेल्या झडत्या वडिलांनी भरलेल्या आहेत. अशा एकूण अकरा कॅसेटी आमच्या लोखंडी पेटीत आहेत. नऊ कॅसेटी साठ मिनिटांच्या आणि दोन नव्वद मिनिटांच्या, म्हणजे सगळे मिळून बारा तासांचे ध्वनिमुद्रण आहे. त्यात गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी आता हयात नाहीत. ज्या मुली त्या वेळी घरोघर भुलाबाई मांडून गात होत्या, त्या लग्न होऊन दूर गेल्या, आणि आज आमच्या शाळेतल्या मुलींना त्यांतली चार-दोन गाणीच येतात.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात त्यांतल्या तीन कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. त्यांनी प्रत्येक बाजूची एक अशी अर्ध्या तासाची एमपीथ्री फाईल दिली. त्यात नेमके हवे ते गाणे शोधायला दर वेळी पुढे-मागे जावे लागते, आणि जिथे सगळ्या जणी एकत्र गातात तिथे आवाज फाटतो. म्हणून मी स्वतः शिकायचे ठरवले आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर घेतले. त्यात एक गाणे निवडायचे, कापायचे, नव्या खिडकीत चिकटवायचे आणि वेगळे साठवायचे, असे मी नऊ गाण्यांपर्यंत केले. त्यानंतर लक्षात आले की कोणते गाणे कोणत्या कॅसेटच्या कोणत्या बाजूला, कोणाच्या पाठोपाठ होते, हे आता मला सांगता येत नाही, आणि मूळ फाईलमध्ये तर त्या जागी भोके पडलेली आहेत.

माझ्या अडचणी अशा आहेत. ट्रॅक या शब्दाने मी गोंधळले आहे, कारण सीडीवर एका गाण्याला ट्रॅक म्हणतात आणि या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सबंध आडव्या पट्टीला ट्रॅक म्हटलेले दिसते. दुसरे असे की, भुलाबाईची गाणी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता म्हटली जातात. एक संपते तोच कोणीतरी दुसरे उचलते, त्यामुळे मध्ये शांतता अशी नाहीच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माझी आई आता ७९ वर्षांची आहे. तिला दिसत कमी असले तरी कान उत्तम आहेत, आणि कोणता आवाज कोणाचा हे सांगू शकणारी तीच एक व्यक्ती उरली आहे. नवरात्राच्या सुटीत मी तिच्याजवळ बसून हे काम करू इच्छिते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

टेपडेक (आर्वी, जि. वर्धा):

ताई, तीस वर्षे मी रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात घालवली आहेत आणि गेली काही वर्षे लोकांच्या कॅसेटी उतरवून देतो, त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या प्रश्नातच तुमचे उत्तर आहे: आई सांगू शकते, पण ती सांगेल तेव्हा ते नेमक्या जागी लिहून ठेवण्याची सोय हवी. म्हणून कापणे आजपासून थांबवा. कापायचे नाही, खुणा करायच्या. सगळ्या खुणा झाल्या की सॉफ्टवेअर एका दमात सगळी गाणी वेगळी करून देते आणि मूळ फाईलला धक्काही लागत नाही.

पण त्याआधी, दुकानातून आलेल्या फायली बाजूला ठेवा आणि कॅसेटी पुन्हा उतरवा. आवाज फाटतो याचा अर्थ भरताना पातळी जास्त ठेवली गेली आणि लाटेचे शेंडे छाटले गेले. छाटलेला भाग कोणत्याही उपायाने पूर्ण परत येत नाही, आणि तुमच्या कॅसेटी अजून हाताशी आहेत, तेव्हा त्या फायलींवर मेहनत करण्यात अर्थ नाही.

कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या वरच्या कडेला असलेले दोन्ही छोटे चौकोनी तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबले गेले तरी त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट अजिबात चालवू नका. ती फीत हेडलाही खराब करते आणि पुढच्या कॅसेटीलाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली पेटी राहिली असेल तर फितीला दाबणारा लहानसा मऊ पट्टा निघालेला असतो, तोही पाहा. तो नसेल तर आवाज मंद आणि गुदमरलेला येतो आणि माणसाला वाटते की कॅसेटच खराब झाली. चांगली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेली फीत आतल्या आत चिकटलेली आणि सैल-घट्ट झालेली असते. टेपचे हेड आणि रबरी चाक कापसाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. दर दोन-तीन कॅसेटींनंतर हे करावेच लागते, कारण जुन्या फितीची तपकिरी भुकटी हेडवर बसते आणि बारीक आवाज नाहीसे होतात.

टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून लॅपटॉपला जोडण्यासाठी दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली तार चालते. मात्र हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपला एकच छिद्र असते आणि ते मोबाईलच्या हेडफोनसाठी बनवलेले असते. त्यात ही तार नीट काम करत नाही. त्यासाठी यूएसबीला लावायचे साउंड कार्ड घ्या आणि ते घेताना त्याला लाइन-इन, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेण्याचे छिद्र, आहे याची खात्री करा. टेपचा आवाज निम्म्यावर ठेवा आणि ऑडॅसिटीच्या पातळीदर्शकावर सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास थांबेल असे पाहा. सगळ्या बायका एकत्र गातात तो भाग आधी लावून पातळी ठरवा, एकटीच्या आवाजावरून ठरवू नका. लॅपटॉपच्या माइकच्या सेटिंगमध्ये गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय चालू असते, ती बंद करा. ती बोलण्यासाठी केलेली असते आणि लांबवलेल्या सुराला गोंगाट समजून दाबते.

उतरवताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. चार्जरमुळे पुष्कळदा एक घुमणारा आवाज मिसळतो, आणि वीज गेली तरी काम अर्धवट राहात नाही. फाईल पेनड्राइव्हवर नव्हे, लॅपटॉपच्या डिस्कवरच साठवा आणि पूर्ण झाल्यावर तिची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. घरगुती टू-इन-वनवर भरलेल्या अशा कॅसेटी बहुधा एकाच वाहिनीच्या असतात, तेव्हा मोनो पुरेसे आहे. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट आणि मोनो अशी वेव्ह फाईल मिनिटाला साधारण पाच मेगाबाईट जागा घेते. तुमचे बारा तास चार जीबीच्या आत मावतात. एवढ्या थोड्या जागेसाठी मूळ प्रत एमपीथ्रीमध्ये ठेवण्याचे काहीच कारण नाही.

आता खुणांविषयी. तुमचा गोंधळ रास्त आहे. ऑडॅसिटीमध्ये ट्रॅक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पट्ट्यांपैकी एक, उदाहरणार्थ बाजाची पेटी एका पट्टीवर आणि गाणे दुसऱ्या पट्टीवर. तुम्हाला पट्ट्या वेगळ्या करायच्या नाहीत, एकाच पट्टीचे लांबीत भाग पाडायचे आहेत, आणि त्या भागांना तिथे लेबल म्हणतात. गाणे सुरू होते तेथपासून संपते तेथपर्यंत माऊसने निवडा आणि कंट्रोल-बी दाबा. खाली एक नवी पट्टी उघडते आणि त्या भागावर नाव लिहिता येते. नाव देवनागरीत लिहिले तरी चालते. सबंध बाजूच्या खुणा झाल्यावर फाईल मेनूतून एक्सपोर्ट ऑडिओ उघडा, तिथे मल्टिपल फाइल्स निवडा आणि लेबलांप्रमाणे विभागणी करायला सांगा. नावाच्या आधी क्रमांक लावण्याचाही पर्याय आहे, तो घ्या. त्यामुळे कॅसेटवरचा क्रम फाईलच्या नावात कायम राहतो, आणि तुमची जी अडचण झाली ती पुन्हा होत नाही.

एक गोष्ट आवर्जून. ऐकता ऐकता कंट्रोल-एम दाबले तर नुसती एका क्षणाची खूण होते. अशी खूण केली तर निर्यात होणारा भाग पुढच्या खुणेपर्यंत जातो, म्हणजे दोन गाण्यांमधले बोलणे, खोकणे, हसणे सगळे आधीच्या गाण्याच्या शेपटीला चिकटते. निवड करून केलेल्या लेबलला मात्र सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात. आईबरोबर पहिल्यांदा ऐकताना कंट्रोल-एमने भराभर खुणा करा, म्हणजे त्यांना थांबावे लागणार नाही, आणि नंतर एकटीने बसून त्यांची रुंद लेबले करा.

खंजिरी (तिवसा तालुका, जि. अमरावती):

टेपडेक काकांनी सगळे नीट सांगितले आहे. मी आमच्या भजनी मंडळाचे खंजिरी भजनांचे कार्यक्रम मोबाईलवर भरतो आणि त्यांतून एकेक भजन वेगळे करतो, म्हणून एक जोड देतो. ऑडॅसिटीच्या ॲनालाइझ मेनूत लेबल साउंड्स नावाची सोय आहे. किती डेसिबलच्या खाली गेले की शांतता समजायची आणि ती किती सेकंद टिकली पाहिजे, हे सांगितले की ती स्वतःच सगळी लेबले लावते. आमच्याकडे दोन भजनांच्या मध्ये तीन-चार सेकंदांची स्तब्धता असते, त्यामुळे दोन तासांच्या कार्यक्रमाची लेबले एका मिनिटात होतात आणि मग फक्त नावे लिहावी लागतात. ताईंनी हे करून पाहावे. बारा तास हाताने खुणा करणे फार कष्टाचे आहे.

मोबाईलवर भरणाऱ्यांसाठी आणखी एक: अनेक फोनमध्ये ध्वनिमुद्रण एमफोरए प्रकारात साठते, आणि ते ऑडॅसिटीमध्ये उघडण्यासाठी एफएफएमपेग नावाची जोड वेगळी बसवावी लागते. ती नसली की फाईल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात. तसेच ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवर पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

बाभूळबन:

दोघांचेही मनापासून आभार. यूएसबी साउंड कार्ड मागवले आणि काल पहिली कॅसेट पुन्हा उतरवली. तीच गाणी मी दुकानाच्या फाईलमध्ये इतक्या वेळा ऐकली होती, पण या वेळी टाळ्यांच्या मागे कोणाच्या तरी बांगड्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

खंजिरी दादांनी सांगितलेली सोयही करून पाहिली. पहिल्या बाजूवर, माझ्या मोजणीप्रमाणे जिथे सोळा गाणी आहेत, तिथे तिने चार लेबले लावली. शांततेची मर्यादा बदलून पुन्हा चालवली, तेव्हा एकूण सत्तावन्न लावली, कारण मग ती प्रत्येक ओळीनंतरच्या श्वासावर थांबू लागली. भुलाबाईच्या गाण्यात गाण्यांच्या मध्ये जी जागा आहे त्यापेक्षा ओळींच्या मधली जागा मोठी आहे, त्यामुळे शांततेवरून गाणे ओळखता येत नाही. पोळ्याच्या झडत्यांना मात्र ही सोय अगदी योग्य ठरली. एक जण झडती म्हणतो, लोक ओरडून साथ देतात, मग थोडा वेळ काहीच नसते. तिथे जवळजवळ सगळी लेबले बरोबर लागली. त्यामुळे झडत्यांसाठी ती सोय वापरेन आणि गाण्यांसाठी आईचे कान.

एक शंका आहे. जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटीत सतत घरघर आहे आणि तिच्यावर फितीची सूंऽऽ अशी सळसळ आहे. नॉइज रिडक्शन लावून ते काढून टाकावे का? एका गाण्यावर लावून पाहिले तेव्हा बाईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला.

वैनगंगेकाठ (लाखांदूर तालुका, जि. भंडारा):

ताई, मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आमच्या भागातल्या दंडारीच्या (लोकनाट्याच्या) गाण्यांचे असेच संकलन करतो आहे. तुमच्या शंकेवर आधी बोलतो. फितीची सळसळ हा गोंगाट आहे, पण जात्याची घरघर हा गोंगाट नाही. ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यावर बसलेला असतो. दाणे टाकताना फेरा मंदावतो तिथे ओळही लांबते, आणि पीठ भरडत आले की ओवी जरा उचलून धरली जाते. जाते काढून टाकले तर बाई मध्येच का थांबली, मध्येच का ओढली, हे पुढे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. म्हणून मूळ वेव्ह फाईलवर कोणतीही सफाई करू नका. ऐकण्यासाठी जी वेगळी प्रत काढाल तिच्यावर हलकी सफाई करा. नमुना घेताना जाते थांबलेले आहे आणि कोणी बोलत नाही, अशी सेकंदभराची जागा शोधा. ती बहुधा बाजूच्या अगदी सुरुवातीला, टेपचे बटण दाबल्यापासून गाणे सुरू होईपर्यंत मिळते. त्या जागेचा नमुना दिला की सॉफ्टवेअर फक्त सळसळ ओळखते. कपात सहा डेसिबलच्या आसपास ठेवा. बारा डेसिबलसारखा मोठा आकडा अशा जुन्या फितीला जास्त होतो, आणि पाण्याखालच्या आवाजाचे कारण तेच असावे.

आता नावांविषयी, कारण मला या कामात सर्वांत जास्त पश्चात्ताप त्याचा झाला आहे. सुरुवातीला मी लेबलवर फक्त गाण्याची पहिली ओळ लिहीत होतो. चाळीस-पन्नास गाणी झाल्यावर एकाच पहिल्या ओळीची पाच गाणी निघाली. चाली वेगळ्या, गावे वेगळी, मधले शब्दही वेगळे. तेव्हा कोणते कोणाचे हे सांगायला ज्या बाई होत्या त्या तोवर गेल्या होत्या. तुम्ही लेबलवर कॅसेटचा क्रमांक, बाजू, पहिली ओळ आणि गाणारीचे नाव इतके तरी लिहाच. माहेरचे गाव कळले तर तेही लिहा, कारण बाईने गाणे बहुधा माहेरून आणलेले असते; दारव्ह्याच्या कॅसेटीत मिळालेली चाल कदाचित पुसदकडची किंवा वाशीमकडची असेल, आणि ते फक्त माहेरच्या नावावरून समजते. जात्यावरच्या ओव्यांवर गी पॉइतेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जे काम केले, ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आणि ज्या २०१७ पासून पारी या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत, त्यात ओवीबरोबर गाणारीचे आणि गावाचे नाव जपलेले आहे. त्या संग्रहाचे मोल मला त्या नावांमध्ये दिसते.

लेबले एकदा झाली की फाईल मेनूतल्या एक्सपोर्टमधून नुसती लेबलेही मजकुराच्या साध्या फाईलमध्ये काढता येतात. त्यात प्रत्येक ओळीवर सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि तुम्ही दिलेले नाव, एवढेच असते. ही फाईल काही केबींची असते, पण मूळ वेव्ह आणि ही मजकुराची फाईल या दोन गोष्टी असल्या की उद्या कोणत्याही संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरवरसुद्धा, सगळी विभागणी पुन्हा करता येते. ती छापून कॅसेटच्या डब्यातही ठेवा. ऑडॅसिटीचा प्रकल्प साठवणे आणि गाणी निर्यात करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या. प्रकल्पाची फाईल दुसऱ्या कोणाला पाठवली तर त्या व्यक्तीकडे ऑडॅसिटी असल्याशिवाय उघडणार नाही. आणि २०२१ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये तर प्रकल्पाबरोबर एक वेगळे फोल्डरही असायचे. मी एकदा फक्त छोटी फाईल पेनड्राइव्हवर घेतली, फोल्डर मागेच राहिले, आणि लॅपटॉप स्वच्छ करून दिल्यावर एका पूर्ण रात्रीच्या दंडारीचे काम गेले. आता ती एकच फाईल असते, तरीही मी दर संध्याकाळी वेव्ह आणि लेबले वेगळी काढून ठेवतो.

आणखी एक विनंती. गाणी इंटरनेटवर ठेवण्याचा विचार असेल तर त्या बायकांच्या घरी एकदा विचारा. त्यांनी ती आपल्या अंगणात, आपल्या माणसांपुढे म्हटली होती. बहुतेक घरांत आनंदाने होकार मिळतो आणि पुष्कळदा विचारायला गेल्यावरच आणखी एखादी कॅसेट निघते.

बाभूळबन:

सर, हे सगळे वहीत उतरवून घेतले आहे. नऊ कापलेली गाणी काढून टाकली आणि नव्याने सुरुवात केली. आई खाटेवर पडून हेडफोनने ऐकते, मी शेजारी बसून खुणा करते. तिने नाव सांगितले की मी कंट्रोल-एम दाबून ते लिहिते, आणि टेप थांबवत नाही, कारण थांबवले की ती गाण्यातून बाहेर येते आणि मग आठवून आठवून सांगते. चालू असताना मात्र आवाज कानी पडताच नाव तिच्या तोंडून येते. चार दिवसांत पाच बाजू झाल्या.

सातव्या कॅसेटीपाशी अडलो आहोत. पहिल्या बाजूचा सुरुवातीचा भाग ठीक आहे, पण पंधराव्या मिनिटापासून सगळ्या बायकांचे आवाज हळूहळू बारीक होत जातात आणि शेवटी लहान मुलींसारखे ऐकू येतात. आई म्हणते, ही गाणारी तिची जाऊ, म्हणजे माझी थोरली काकू आहे, पण काकूचा आवाज इतका कोवळा कधीच नव्हता; तो चांगला भरदार होता. टेप बिघडला आहे का? बाकीच्या कॅसेटी तर त्याच टेपवर नीट वाजतात.

टेपडेक:

टेप बिघडलेला नाही, ताई. ते गाणे भरले तेव्हा टेपमधले सेल उतरत आलेले होते. सेल उतरले की मोटार सावकाश फिरते आणि फीत कमी वेगाने सरकते. तीच फीत आज पूर्ण वेगाने वाजवली की गाणे घाईचे आणि आवाज बारीक होतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर असतो, आणि भरताना तो जितका कमी झाला असेल तितकाच आज आवाज चढलेला असतो. तुमच्या आईंनी बरोबर ओळखले.

कॅसेट विजेवर भरलेली असती तर एक नेमकी पद्धत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि तिची गुणगुण पुष्कळदा फितीत उतरलेली असते. ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये, साईज सर्वांत मोठा ठेवून, गाणे नसलेली जागा पाहिली की ती गुणगुण आज ५० ऐवजी किती हर्ट्झवर आहे ते कळते. समजा ५२ वर दिसली, तर वेग ५० भागिले ५२, म्हणजे ०.९६२ पट करायचा. पण सेलवर भरलेल्या कॅसेटीत ही गुणगुण नसतेच, त्यामुळे तिथे कानावरच विसंबावे लागते.

तुमच्या बाबतीत वेग एकदम नव्हे, हळूहळू बदलला आहे, म्हणून सगळ्या बाजूला एकच आकडा लावून चालणार नाही. आधी उतरवलेल्या मूळ फाईलची एक प्रत घ्या, मूळ तशीच ठेवा. प्रतीमध्ये पंधराव्या मिनिटापासून शेवटपर्यंत निवडा आणि इफेक्टमधले स्लाइडिंग स्ट्रेच उघडा. त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा बदल वेगळा देता येतो. सुरुवातीचा बदल शून्य ठेवा, शेवटचा अंदाजाने उणे आठ टक्के द्या, आणि टेम्पो (गती) आणि पिच (स्वराची उंची) या दोन्हींना तोच आकडा द्या, कारण कॅसेटीवर दोन्ही एकत्रच बदललेले आहेत. आईंना ऐकवा, हा काकूंचा आवाज नाही असे त्यांनी सांगितले तर मागे येऊन आकडा बदला. जमत नसेल तर तो भाग तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत घेऊन प्रत्येकावर चेंज स्पीड अँड पिच लावा. ते जरा ओबडधोबड होते, पण जोडाच्या जागा गाण्यांच्या मध्ये घेतल्या की खटकत नाही.

यात क्रम सांभाळा. वेग बदलला की लांबी बदलते आणि आधी लावलेली लेबले आपल्या जागेवरून सरकलेली दिसतात. म्हणून या एका कॅसेटीपुरते वेग आधी आणि खुणा नंतर. लेबलांच्या मजकुराच्या फाईलवर या खुणा वेग सुधारलेल्या प्रतीच्या आहेत असे लिहून ठेवा, नाहीतर पुढे कोणी मूळ फाईलवर त्या लावून पाहील आणि त्या चुकीच्या ठरतील.

बाभूळबन:

काका, उणे आठवर आवाज फार जड झाला, उणे पाचवरही आईने मान हलवली. उणे साडेसहावर तिने हेडफोनवर हात दाबून धरला, पूर्ण गाणे ऐकले आणि काकूचे नाव घेऊन म्हणाली की आता ती गाते आहे. तो आकडा वहीत कॅसेटच्या क्रमांकापुढे लिहिला आहे.

त्या बाजूच्या शेवटी, शेवटच्या गाण्यानंतर, काकू कोणाला तरी खाऊ ओळखायला सांगते आणि डबा हलवल्याचा खडखड आवाज येतो. सगळ्या जणी एकेका पदार्थाचे नाव घेतात आणि उत्तर येण्यापूर्वीच फीत संपते. ते गाणे नसले तरी मी त्याला वेगळे लेबल दिले आहे. डब्यात काय होते ते मी आईला विचारले, तेव्हा तिने क्षणभरही न थांबता फुटाणे म्हणून सांगितले, आणि तेही लेबलवर लिहिले. उद्या सातव्या कॅसेटीची दुसरी बाजू उतरवायची आहे.